बस्त्याव सरांनी रोवलेले क्रूस

बस्त्याव सरांवर मी पहिल्यांदा चिडले ते माझ्या नवऱ्याच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि हा माणूस सकाळी आठ वाजता हातात रंगाचा डबा घेऊन ओट्यावर हजर.

"सिसिल, अंतोन चष्मा घेऊन गेला का?"

"म्हणजे?"

"शवपेटीत चष्मा ठेवला होतात का, असं विचारतोय. त्याला चष्म्याशिवाय दोन हातांवरचं दिसायचं नाही. उठल्यावर क्रूसावरचं स्वतःचं नाव तरी वाचता यायला पाहिजे ना त्याला? चष्मा नसेल तर अक्षरं मोठी काढतो."

असा संताप आला की दार लावूनच घेणार होते. तणतणत आत गेले, तर चष्मा टीव्हीवर. अंतोनचा चष्मा नेहमी तिथेच असायचा आणि तो जन्मभर घरभर शोधत फिरायचा. मला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग रडू, दोन्ही एकदम. नणंद घाबरून पाणी घेऊन धावत आली. मी बाहेर येऊन म्हटलं, "मोठी काढा, सर."

"मला वाटलंच होतं," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. सांत्वनाचा एक शब्द नाही. पण त्या दिवशी मी तीन दिवसांनी पोटभर जेवले.

सर आमच्या नंदाखाल गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर केळीची वाडी बघायची ती बघून उरलेला वेळ त्यांनी चर्चच्या दफनभूमीला देऊन टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे कोणाला थांबवताही येईना. आमच्याकडे मातीच्या कबरीवर लाकडी क्रूस असतो आणि त्यावर नाव, तारखा. पावसात रंग उडतो, म्हणून नोव्हेंबरात मृतांचा दिवस येण्याआधी सगळे क्रूस नव्याने रंगवावे लागतात. सर ते एकटे करायचे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. त्यांची पँट मूळची कुठल्या रंगाची होती ते त्यांचे कपडे धुणाऱ्या बहिणीलाही सांगता आलं नसतं.

पूर्वी क्रूसावर 'जन्म' आणि 'मृत्यू' असं असायचं. सरांनी ते काढून टाकलं. पहिली ओळ 'आला', दुसरी 'निजला', तिसरी 'उठला', आणि त्या तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी. बाईमाणूस असेल तर 'आली, निजली, उठली'. गावाने काही दिवस नाकं मुरडली. नवे तरुण फादर आले ते तर पहिल्याच आठवड्यात सरांना म्हणाले, "सर, ही तिसरी ओळ कशाला? तारीख कोणाला ठाऊक आहे?"

"फादर, दर रविवारी वेदीपुढे उभे राहून तुम्ही आमच्याकडून म्हणवून घेता की मेलेले उठतील. तारीख ठाऊक नाही हे मान्य. पण जागा तरी ठेवायला नको?"

पुढच्या रविवारी प्रवचनात फादरांनी हेच सांगितलं, छान सांगितलं, फक्त सरांचं नाव घेतलं नाही. सर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर चर्चच्या पायरीवर मला म्हणाले, "दुसऱ्याच्या वहीत बघून लिहिलं की आम्ही गुण कापायचो." मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. सर मोठ्या मनाचे होते असं आता लोक म्हणतात, पण तेवढे काही नव्हते.

सर घरात आणि वाडीत आमच्या कादोडी बोलीत बोलायचे, मी ते सगळ्यांना कळेल अशा मराठीत सांगतेय. कुठल्याही बोलीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "अजून शनिवारच आहे." गुड फ्रायडेला सगळं संपलं असं वाटतं, रविवारी कबर उघडी सापडते, आणि मधला शनिवार आपल्या वाट्याला येतो, असा त्याचा अर्थ. पण सर ते कुठेही वापरायचे. आगाशीची बस आली नाही, अजून शनिवारच आहे. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, अजून शनिवारच आहे. एकदा दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसून तळमळणाऱ्या माणसाला त्यांनी हे ऐकवलं. त्याने दात धरूनच त्यांच्याकडे असं बघितलं की सर उठून दुसऱ्या बाकावर गेले.

मेलेल्या, मोडलेल्या वस्तूंवर त्यांचा भारी जीव. निर्मळला रोपवाल्याकडे गेले की चांगली टवटवीत रोपं सोडून कोपऱ्यातलं काटकुळं उचलायचे. रोपवाला म्हणायचा, "सर, ते मेलंय हो." "ते ठरवणारा तू कोण?" म्हणून घेऊन यायचे. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मरायचीच. पण उरलेली निम्मी जगायची, आणि सर सांगताना तेवढीच सांगायचे. त्यांची बायको फिलू लग्नानंतर सहा वर्षांतच गेली होती. तिच्याबद्दल ते कधी 'होती' म्हणाले नाहीत. "फिलूला कारलं आवडत नाही," असं सहज सांगायचे. नवखा माणूस घरात डोकावून बघायचा, वहिनी कुठे आहेत म्हणून.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा सुटली की सर लग्नाचा बँड घेऊन दफनभूमीत जायचे. होय, लग्नाचाच. ट्रम्पेट, ढोल, सगळं. फाटकापासून शेवटच्या रांगेपर्यंत वाजवत जायचं आणि तिथे सगळ्यांनी उभ्याने चहा प्यायचा. भिंतीला लागून नवी बिल्डिंग झाली त्या वर्षी चौथ्या मजल्यावरचे सावंत, मूळचे रत्नागिरीचे, सदरा चढवत खाली आले.

"अहो, ही स्मशानभूमी ना तुमची?"

"आज लग्नघर आहे. चहा घ्या," सर म्हणाले.

सावंतांनी चहा घेतला. दुसरा कपही घेतला. पुढच्या वर्षी तेच बाल्कनीतून ओरडून विचारत होते, "सर, यंदा किती वाजता?"

आता सरांच्या हातून झालेली ती चूक सांगते. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, म्हणून मी निवृत्त झाल्याबरोबर फादरांनी दफनभूमीचं रजिस्टर माझ्या गळ्यात मारलं. कोण कोणत्या रांगेत, फाटकाकडून कितवा, सगळं मी लिहायचं. एका पावसाळ्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन माणसं गेली. एक रेजिनबायचा मेल्विन. वीस वर्षांचा, एकुलता एक, तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. रेजिनबायचा नवरा आधीच गेलेला, म्हणजे आता ती आणि तिची सोनचाफ्याची झाडं. मेल्विन सरांचा लाडका. चित्रात हत्ती काढायला घेतला तर सोंड कागद संपून बाकावर जायची, असा पोरगा. दुसरा इनास. त्याची वाडी रेजिनबायच्या वाडीला लागून. बांधावर वाकलेली तिच्या चाफ्याची फांदी त्याने कोयत्याने उडवली, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद. त्याची पोरं परदेशात, रडायलाही धड कोणी नव्हतं. मेल्विन पाचव्या रांगेत सातवा, इनास आठवा. मध्ये एका हाताचं अंतर.

पुढच्या पावसाळ्यात तीन दिवस पाणी साचलं. ओसरलं तेव्हा दफनभूमीचा नुसता चिखल झाला होता. मातीचे उंचवटे वाहून गेलेले आणि तळातल्या रांगांतले क्रूस सुटून भिंतीच्या कोपऱ्यात तरंगत गोळा झालेले. सर एकेक धुऊन परत रोवायला लागले. मी रजिस्टर घेऊन शेजारी उभी.

"सर, बघून लावा."

"सिसिल, तीस वर्षं कोण पोरगं कुठल्या बाकावर बसायचं ते मला पाठ आहे. आणि ती तर जागा बदलायची. हे बिचारे हलतसुद्धा नाहीत."

मी म्हटलं जाऊ दे, कोण वाद घालणार, आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. माझीही चूक आहेच. ती मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

मेल्विनच्या मातीनंतर वर्षभर रेजिनबाय घराबाहेरच पडली नव्हती; त्यानंतर पाच वर्षं मात्र ती रोज दुपारी यायची. सकाळी फुलांच्या पुड्या दादरला रवाना केल्या, जेवली, की चार चाफे घेऊन मेल्विनच्या क्रूसाशी बसायची आणि बोलायची. गाय व्याली, रस्ता रुंद झाला, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तुझा मित्र दुबईला गेला. तास-दीड तास. सुरुवातीला ती काळवंडून गेली होती. हळूहळू तिच्या आवाजात जीव आला. मग एकदा मी तिला तिथे हसताना ऐकलं. सर लांबून बघायचे आणि मला म्हणायचे, "बघ, ती वाट बघायला शिकली." शेजारच्या इनासच्या क्रूसाकडे मात्र तिने मान वळवली नाही. तिथे गुडघाभर गवत.

पाच वर्षांनी रांगांमधून फरशीची वाट घालायचं ठरलं. मी रजिस्टर आणि टेप घेऊन मोजायला गेले. पाचव्या रांगेत सातव्या क्रूसावर नाव इनास. आठव्यावर मेल्विन. मी तीनदा मोजलं. मग सरांना हाक मारली. त्यांनी रजिस्टर हातात घेतलं, माझं अक्षर वाचलं, फाटकापासून स्वतः पावलं टाकत आले आणि सातव्या क्रूसापुढच्या त्या गवतात मटकन खाली बसले. काही केल्या उठेनात.

म्हणजे पाच वर्षं रेजिनबाय इनासशी बोलत होती. चाफे इनासला. आणि तिचं पोरगं हातभर अंतरावर गवताखाली.

आठ दिवस सरांच्या तोंडी त्यांचं ते वाक्य आलं नाही. शनिवार नाही, रविवार नाही. मी सरळ सांगितलं, "सर, राहू द्या जसं आहे तसं. तिचं कुठे काय अडलंय? हे कळलं तर ती परत कोसळेल." फादरही समजुतीने म्हणाले, "सर, देवाला माहीत आहे कोण कुठे आहे ते."

"देवाला माहीत आहे हो," सर म्हणाले, "रेजिनाला माहीत नाही."

"पण सांगून मिळणार काय?"

"फादर, जिथे माणसंच वर येणार आहेत, तिथे ही चूक मी किती दिवस खाली ठेवणार? मेल्विन उठेल तेव्हा पहिलं मलाच विचारेल. सर, आई रोज शेजारी येऊन बसायची, तुम्हाला ठाऊक होतं, तरी बोलला नाहीत? काय सांगू मी त्या पोराला? हे मी खरं मानत नसेन तर त्या तिसऱ्या ओळी खोडून टाकतो सगळ्या."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या माणसाची ती नुसती बोलायची गोष्ट नव्हती. मी इतकी वर्षं थट्टेवारी नेत होते, आणि मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रेजिनबायकडे गेलो. ती ओटीवर बसून केळीच्या पानात चाफे बांधत होती. सरांनी आडवळण घेतलं नाही. काय झालं, कोणामुळे झालं, सरळ सांगितलं. मी रजिस्टर पुढे केलं, तिने ते बघितलंसुद्धा नाही. हातातली पुडी बांधून पुरी केली, दोऱ्याची गाठ मारली.

"इनासला?" ती म्हणाली. "माझं सगळं बोलणं इनासला?"

"हो."

"माझ्या पोराला एक फूल नाही?"

तिने पुडी टोपलीत ठेवली. "जा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ती दफनभूमीत यायची बंद झाली. मग मिस्सेलाही येईना. आम्हाला जी भीती होती तेच झालं. सरांनी क्रूस बदलले, मेल्विनवरचं गवत काढलं आणि रोज सकाळी तिच्या फाटकाशी जाऊन उभे राहायला लागले. ती खिडकी लावून घ्यायची. सर म्हणायचे, "रेजिनबाय, मी येऊन गेलो," आणि परत फिरायचे. असे दोन महिने. एक दिवस मला राहवेना. म्हटलं, "काय सर, अजून शनिवारच आहे का?"

सर थांबले. "सिसिल, हे दुसऱ्याने आपल्याला म्हटलं की किती राग येतो ते आज कळलं. तो दात धरून बसलेला माणूस बरोबर होता."

पण जायचे काही थांबले नाहीत.

मग एका दुपारी रेजिनबाय आली. सण नाही, वार नाही, हातात फुलंही नाहीत. सर भिंतीशी डबा उलटा टाकून बसले होते, मी नळाशी. ती सातव्या क्रूसापुढे, मेल्विनपुढे, उभी राहिली. मग आठव्याकडे, इनासकडे, वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "मेल्या, अकरा वर्षं बोलले नाही तुझ्याशी. सगळी वसूल करून घेतलीस."

मला हसू आवरेना, आणि सरांकडे बघितलं तर ते ढसाढसा रडत होते.

"रडताय कशाला?" ती त्यांच्यावर ओरडली. "माझ्या पोराला पाच वर्षांतलं काही एक माहीत नाही. सगळं परत सांगायला पाहिजे, पहिल्यापासून. मला मेलीला कुठलं आठवतंय? तुम्हाला फार आठवतं ना? या, बसा इथे."

आणि सर बसले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढे तीन महिने. ती तिची छत्री त्यांच्या हातात द्यायची, ऊन आलं की तिच्यावर धरायला. पहिल्या वर्षापासून सुरुवात झाली. गाय व्याली ती दसऱ्याच्या आधी की नंतर, यावर एक अख्खी दुपार गेली. गाडी अडली की ती आठव्या क्रूसाकडे मान वळवायची, "इनास, तू ऐकलंयस. काही सुटलं तर सांग रे." मधल्या दोन महिन्यांत इनासवर वाढलेलं गवतही कधीतरी निघालं, कोणी काढलं ते मी विचारलं नाही. रविवारी ती पुन्हा मिस्सेला दिसायला लागली, आमच्याच बाकावर, सरांच्या भसाड्या गाण्यावर नाक मुरडत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात सर निजले. हृदय कमजोर झालं होतं, ते त्यांना ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याच्या चार दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमाराला. रेजिनबाय मेल्विनला तिच्या भाचीच्या लग्नाची हकिगत सांगत होती आणि बँड आगाशीचा होता की निर्मळचा यावर दोघांची जुंपली होती. सर बरेच वाळले होते, छत्री दोन्ही हातांनी धरावी लागत होती.

मी विचारलं, "कुठवर आलात?"

"चौथं वर्ष."

"सर, जरा भरभर घ्या की. असं एकेक लग्न घोळवत बसलात तर संपायचं कधी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, गणवेश विसरून आलेल्या पोरीकडे बघावं तसं. "सिसिल, घाई कोणाला आहे? त्याला कुठे जायचंय? आणि मला तरी कुठे जायचंय?" मग छत्री नीट करून ते तिच्याकडे वळले. "हं, रेजिनबाय. नवरी मंडपात आली. पुढे?"